निरक्षर माणसाला तर्क येत नाही, की त्याला आपला प्रश्नच मान्य नसतो?

ओसरी (धागाकर्ता)

'शिक्षणाने दृष्टी बदलते' हे वाक्य भाषणात शोभून दिसतं. पण नेमकं काय बदलतं? आणि ते अक्षरं ओळखता आल्यामुळे बदलतं की शाळेच्या बाकावर बसल्यामुळे? साक्षरता वर्ग घेणारे, आरोग्याचे फलक बनवणारे, बँकेचे किंवा विम्याचे अर्ज समजावून सांगणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा.

सुरुवात अलेक्झांडर ल्युरियापासून करतो. १९३१ आणि १९३२ च्या उन्हाळ्यात हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तान आणि किरगिझियाच्या डोंगराळ भागात गेला. आखणी त्याची आणि त्याचा सहकारी मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की याची होती, पण क्षयामुळे वायगॉट्स्की प्रवासाला जाऊ शकला नाही. तुलनेसाठी गट असे: पडद्यात राहणाऱ्या निरक्षर बायका, दूरच्या खेड्यांतले निरक्षर शेतकरी, बालवाडीत शिकवण्याचा छोटा अभ्यासक्रम केलेल्या बायका, सामुदायिक शेतीवरचे थोडंफार शिकलेले कार्यकर्ते, आणि अध्यापिका विद्यालयातल्या मुली.

वर्तुळ दाखवलं की निरक्षर बायका म्हणत ताटली, कंगन, चंद्र. त्रिकोण म्हणजे ताईत. विद्यालयातल्या मुली वर्तुळ, त्रिकोण अशी नावं सांगत. लोकरीच्या रंगीत लडी वेगळ्या करायला दिल्या तर बायका पिस्ता, पीच अशी वस्तूंवरून नावं देत, आणि 'एकसारख्या रंगांचे गट करा' म्हटलं की यातलं काहीच एकसारखं नाही म्हणत. हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड यांतली वेगळी वस्तू काढा म्हटल्यावर शेतकरी ओंडका बाहेर काढायला तयार नसत. लाकूडच नसेल तर करवत घेऊन काय करायचं?

सगळ्यात गाजलेला प्रश्न अस्वलांचा. 'अतिउत्तरेला जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या अतिउत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची?' उत्तरं साधारण अशी: मी तिथे गेलेलो नाही. मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल आम्ही बोलत नाही. एक-दोन वर्षं शाळेत गेलेले तरुण मात्र चटकन 'पांढरी' म्हणून मोकळे होत.

ल्युरियाचा निष्कर्ष: शाळा आणि नव्या समाजव्यवस्थेमुळे विचार प्रत्यक्ष अनुभवापासून सुटून अमूर्ताकडे जातो. निरीक्षणं चोख आहेत. निष्कर्षाबद्दल मात्र मला शंका आहे, आणि त्यावर तुमची मतं हवी आहेत.

---

खोडरबर

शंका रास्तच आहे. या मांडणीत तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात.

पहिली, गटांमधला फरक फक्त अक्षरांचा नव्हता. विद्यालयातली मुलगी आणि पडद्यातली बाई यांच्यात शाळा, घराबाहेरचा वावर, परक्या माणसाशी बोलायची सवय, वय असं सगळंच वेगळं होतं. फरक शाळेने पडला की मोकळेपणाने, हे या आकड्यांतून वेगळं काढताच येत नाही.

दुसरी, काळ बघा. मध्य आशियात तेव्हा सामुदायिक शेतीची सक्ती चालू होती. मॉस्कोहून आलेले लोक चहाच्या अड्ड्यावर बसून 'अमुक गावची अस्वलं कोणत्या रंगाची' असं विचारतायत. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणं हा अशा वेळी शहाणपणाच म्हणायचा.

तिसरी, गणितातला नकार. गावांमधली अंतरं मुद्दाम चुकीची घालून उदाहरण दिलं की शेतकरी आधी अंतर दुरुस्त करत आणि मग पुढे सरकतच नसत. म्हणजे आकडेमोड अडली नव्हती, खोटं गृहीत धरायला नकार होता. शाळेत पहिल्या दिवसापासून आपण हेच गिळायला शिकतो. 'एका हौदाला दोन नळ आहेत, एक भरतो आणि एक रिकामा करतो.' असा हौद कोण मूर्ख बांधेल, असं विचारणाऱ्याला मार्क नाहीत.

अवांतर: हे काम रशियात १९७४ पर्यंत पुस्तकरूपात येऊच शकलं नाही. अल्पसंख्य जमातींना मागास दाखवतो असा ठपका १९३० च्या दशकातच आला होता. ल्युरियाला तर उलट शिक्षणाची बाजू घ्यायची होती.

---

शेवटचा_बाक

वाचतेय. एक सरळ प्रश्न: लिहिता-वाचता येतं पण शाळा पाहिलेली नाही, असे लोक घेऊन कोणी तपासलंय का? तसं झालं तरच अक्षर आणि शाळा वेगळे काढता येतील.

---

खडूफळा

@शेवटचा_बाक, नेमकं हेच सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लायबेरियात केलं. लोकांचं नाव वाई. (कृष्णाकाठची नव्हे!) पश्चिम आफ्रिकेतल्या या समाजाची स्वतःची लिपी आहे. ती १८३० च्या दशकात मोमोलु दुवालु बुकेले याने घडवली असं मानतात. एका अवयवाला (म्हणजे 'का', 'मो' असा एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) एक चिन्ह, अशी दोनशेच्या आसपास चिन्हं. ही लिपी कुठल्याच शाळेत शिकवत नसत. काका, मित्र, शेजारी यांच्याकडून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती शिकायची आणि पत्रं, हिशोब, घरच्या नोंदी यांसाठी वापरायची. त्याच गावांत काही जण मदरशात अरबी कुराण पाठ करत, तर काही सरकारी शाळेत इंग्रजी शिकत. तीन लिप्या, आणि त्यांतली फक्त एक शाळेला बांधलेली. असा योग क्वचित जुळतो.

निकाल १९८१ मध्ये आले. नुसती वाई लिपी येणाऱ्यांत 'अमूर्त विचार' सर्वसाधारणपणे वाढलेला दिसला नाही. तर्काच्या कोड्यांत आणि विशेषतः 'हे उत्तर का?' याचं तोंडी स्पष्टीकरण देण्यात शाळेत गेलेलेच पुढे होते. पण प्रत्येक लिपीने आपापल्या वापरापुरतं कौशल्य दिलं होतं. वाई वाचणारे तुटक, अवयव-अवयव करून म्हटलेलं वाक्य जोडून समजण्यात सरस, कारण त्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि वाचताना अवयव जोडतच अर्थ लावावा लागतो. पत्रं लिहिणारे समोर नसलेल्या माणसाला एखादा खेळ शब्दांत समजावून सांगण्यात चांगले. कुराण शिकलेले यादी एकेक शब्द वाढवत पाठ करण्यात चांगले, कारण पाठांतर तसंच व्हायचं.

म्हणजे साक्षरतेचा असा कुठला एक 'परिणाम' नाही. त्या अक्षरांनी तुम्ही रोज काय करता, त्याचा परिणाम असतो. जॅक गुडी आणि इयन वॉट यांनी १९६३ मध्ये लेखनामुळे तर्कशास्त्रच जन्माला येतं अशा थाटाची मांडणी केली होती, तिला या कामाने बराच लगाम घातला.

लायबेरियातल्याच क्पेले लोकांचं एक उदाहरण तर प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात सांगायला हवं. वीस वस्तू: खाद्यपदार्थ, अवजारं, भांडी, कपडे. गट करा म्हटलं की लोक सुरी आणि संत्रं एकत्र ठेवत, कारण सुरीने संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच लावेल, म्हणत. शेवटी संशोधकाने वैतागून विचारलं, मूर्ख माणूस कसं लावेल? लगेच चार स्वच्छ ढीग: खाद्य वेगळं, अवजारं वेगळी, भांडी वेगळी, कपडे वेगळे. वर्गवारी त्यांना येतच होती. ती शहाणपणाची खूण आहे, हे फक्त मान्य नव्हतं.

---

मिरगाचा_किडा

+१. मूर्खाचं वर्गीकरण भारी आहे. वाचनखूण साठवली.

---

अनुस्वार

खडूफळा यांचं पटलं, पण 'फक्त वापर' म्हणून सोडून देऊ नका. काही गोष्टी निखळ लिपीमुळेच बदलतात, आणि त्या आपल्याला ऐकू येण्यापर्यंत जातात.

१९७९ मध्ये जोझे मोराईस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये ३० निरक्षर प्रौढ आणि मोठेपणी वाचायला शिकलेले ३० जण घेतले. काम असं, की शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढा किंवा जोडा. निरक्षरांना ते जवळजवळ जमलंच नाही, उशिरा शिकलेल्यांना जमलं. १९८६ मध्ये चीनमध्ये असंच दिसलं. फक्त चिनी चिन्हं वाचणाऱ्यांना सुटा ध्वनी वेगळा काढता येत नव्हता, रोमन वळणाची पिनयिन शिकलेल्यांना येत होता. म्हणजे 'क्' हा सुटा व्यंजनध्वनी आपल्याला आपोआप ऐकू येत नाही, वर्णमाला तो ऐकायला शिकवते.

देवनागरी मधोमध आहे. आपलं एकक अक्षर, म्हणजे व्यंजन अधिक स्वर. 'कमळमधून क काढा' हे सोपं जातं. 'किटलीतून क् काढून नुसती इ ठेवा' इथे अडखळायला होतं. प्रौढांच्या वर्गात इंग्रजी पद्धतीचे सुट्या ध्वनींचे खेळ आणून वेळ घालवू नये, ते यासाठी. अक्षरापासून सुरुवात करा, मात्रा आल्या की ध्वनी आपोआप सुटे होतात.

क्रम: आकाराने जवळची अक्षरं एकत्र, म्हणजे आपलं जुनं ग म भ न. मग र स ख, व ब क, प ष फ, ट ठ ढ द. गडबड कुठे होते तेही ठरलेलं आहे: घ-ध, भ-म, थ-य, ब-व. आणि 'ख' हमखास 'रव' वाचला जातो. या जोड्या एकाच गटात असल्या तरी एकाच दिवशी समोर आणू नका. आधी एक पक्कं होऊ द्या, दुसरं आठवड्याने.

मात्रांत ा, ी, े, ो, ू आधी घ्या. ऱ्हस्व ि मुद्दाम उशिरा, कारण ती ऐकू येते व्यंजनानंतर आणि लिहायची व्यंजनाआधी. रफाराचं तर आणखी विचित्र: 'सूर्य' मधला र आधी बोलायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा. जोडाक्षरांत तो शेवटचा.

आणखी एक हल्लीची अडचण. फळ्यावर आणि पुस्तकात मराठी वळणाचे ल आणि श असतात (२००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय), पण बऱ्याच फोनवर हिंदी वळणाचे दिसतात. नवशिक्या वाचकाला ती नवीन अक्षरंच वाटतात. दोन्ही रूपं शेजारी लिहून एकदा दाखवली की प्रश्न मिटतो. कोणी दाखवत नाही.

---

आरसेमहाल

@अनुस्वार, आरशातल्या प्रतिमांबद्दलही लिहा ना. निरक्षरांना डावी-उजवी फिरवलेली आकृती वेगळी वाटत नाही, असं वाचलं होतं.

---

अनुस्वार

बरोबर. आणि त्यातलं सगळ्यात सुंदर काम भारतातलं, तमिळनाडूमधलं आहे. एरिक पीडरसन यांनी २००३ मध्ये ते छापलं. माणसाच्या मेंदूला कप उजवीकडे वळला काय नि डावीकडे, कप तोच. जगण्यासाठी हेच सोयीचं आहे. रोमन लिपीत मात्र लहान b आणि d हे आरशातले भाऊ, त्यांना वेगळं ओळखावंच लागतं. तमिळ लिपीत अशा जोड्या नाहीत. निकाल असा की फक्त तमिळ वाचणारे या कामात निरक्षरांसारखेच वागले, आणि तमिळबरोबर रोमन लिपीही येणारे वेगळे. म्हणजे इथेही 'साक्षर विरुद्ध निरक्षर' ही रेघ चुकीच्या जागी होती. कोणती लिपी, हा प्रश्न होता.

आपल्याकडे शिरोरेघेमुळे अक्षरांत अशा जोड्या फारशा नाहीत, पण अंकांत आहे: ३ आणि ६. नवशिके प्रौढ हे उलटे काढतात त्याचं कारण हे. त्याला मंदपणा समजू नये. तीन आणि सहा वेगवेगळ्या दिवशी शिकवा, आणि हवेत मोठा हात फिरवून कुठून सुरू करायचं ते आधी बसवा. कागदावर खोडत बसण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

---

तिसरी_घंटा

मेंदूच्या छायाचित्रांचा विषय कोणीतरी काढणारच, म्हणून थोडक्यात. २०१० मध्ये स्तानिस्लास देहान यांच्या गटाने पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू पाहिले: १० निरक्षर, २२ मोठेपणी शिकलेले, ३१ लहानपणी शिकलेले. डाव्या बाजूचा एक ठरावीक भाग लिखित शब्दांना प्रतिसाद देऊ लागतो, आणि मोठेपणी शिकलेल्यांतही देतो. 'आता या वयात काय शिकणार' याला हे सरळ उत्तर आहे. त्याच अभ्यासात चेहऱ्यांचा प्रतिसाद डावीकडे किंचित घटलेला दिसला होता, आणि त्यावरून 'वाचनाने चेहरे ओळखण्याची ताकद जाते' असे मथळे आले. पुढे उत्तर भारतातल्या हिंदी वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या लोकांवर झालेल्या कामात अशी हानी आढळली नाही. तेव्हा तो मथळा फॉरवर्ड करू नका.

लखनौजवळच्या खेड्यांत सहा महिने देवनागरी शिकवून आधी आणि नंतर तपासणी झाली, ते काम २०१७ चं. त्यात २१ शिकणारे होते. बदल दिसले, पण एवढ्याशा गटावरून मोठे दावे करणं बरं नव्हे.

---

पावकी_निमकी

गणिताकडे या. इथे शाळा आणि डोकं यांतली फट सगळ्यात स्वच्छ दिसते.

ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या बाजारात विक्री करणारी मुलं घेऊन १९८५ मध्ये तेरेझिन्हा काराहेर आणि सहकाऱ्यांनी तपासलं. गाड्यावर, गिऱ्हाईक म्हणून विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. त्याच मुलांना तसेच आकडे शाब्दिक उदाहरणात दिले तर ७४ टक्के, आणि नुसती मांडलेली गणितं दिली तर ३७ टक्के. एक नारळ ३५ चा, तर दहाचे किती? मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, ते तीनदा मिळवले आणि वर एक ३५. झाले ३५०. दहाने गुणायला शून्य द्या, हा शाळेचा नियम त्याच्या उपयोगाचाच नव्हता.

आपल्याकडे तोंडी हिशोबाला खास शब्दसंपत्ती आहे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. पंतोजींच्या शाळेत हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. शाळेतून ते गेले, बोलण्यात राहिले. निरक्षर बाई पावणेदोनशे चटकन मोजून देते आणि वर्गात १७५ वाचताना अडते. शिकवणाऱ्याने दोन्ही नावं एका ओळीत लिहावीत. पावणेदोनशे, एकशे पंच्याहत्तर, १७५. तसंच सव्वाशे, दीडशे, अडीचशे. इतकं केलं तरी शंभराच्या पुढच्या वाचनाची निम्मी भीती जाते.

वजाबाकीत काय बिघडतं ते पाहा. पाचशेच्या नोटेतून ३६५ वजा. तोंडी: ३६५ ला ३५ मिळवले की चारशे, वर शंभर, म्हणून १३५ परत. कागदावर तीच बाई २६५ लिहिते. का? शून्यातून ५ जात नाहीत, म्हणून ती ५ तून शून्य काढते, ६ तून शून्य काढते, आणि ५ तून ३. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. हातचा हा शाळेचा करार आहे, आणि दोन शून्यांवरून हातचा आणायचा म्हणजे तो दोनदा मोडून सांगावा लागतो. त्याऐवजी आधी तिचीच रीत कागदावर उतरवा: एक आडवी रेघ, डावीकडे ३६५, मग ४००, मग ५००, उड्या ३५ आणि १००. दोन आठवडे असं करून मग उभी मांडणी आणली, तर २६५ हे उत्तर तिला स्वतःलाच खटकतं. उलट क्रमाने गेलात तर ती तोंडी हिशोबावरचा विश्वासही घालवून बसते. हे नुकसान फार मोठं.

---

दवाखान्याचा_फळा

चित्रं म्हणजे निरक्षरांसाठी सोपं, हा गैरसमज आमच्या क्षेत्रात पक्का बसलाय. चित्र वाचणं हीसुद्धा शाळेत लागणारी सवय.

अतिसारावरचं मीठ-साखर पाणी घ्या. प्रमाण: एक लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. यावरचा ठरलेला फलक म्हणजे डावीकडून उजवीकडे चार चौकटी. पण डावीकडून उजवीकडे 'आधी' आणि 'नंतर' हे लिपीने दिलेलं वळण आहे. बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की इंग्रजी बोलणारी मुलं काळ डावीकडून उजवीकडे मांडतात, अरबी बोलणारी उलट. अक्षर न ओळखणाऱ्याला चौकटींचा क्रम आपोआप दिसेल, हे गृहीतच चूक. बाण काढून भागत नाही, बाण हेही चिन्हच. एका पानावर एकच कृती छापा आणि पानं उलटत दाखवा.

मनगटाशी तुटलेला हात काढू नका, अख्खी बाई काढा. 'असं करू नका' यासाठी चित्रावर लाल फुली मारली तर पुष्कळांना फक्त ती कृती दिसते, नकार दिसत नाही. अर्धा चमचा दाखवायला मोडका चमचा काढलेला असतो, त्याऐवजी पूर्ण चमच्यात अर्धवट मीठ दाखवा. आणि तयार क्षारांच्या (ओआरएस) पुड्यांबाबत जास्त सावध: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी २०.५ ग्रॅमची, एक लिटरसाठी. दुकानात २०० मिलीच्या लहान पुड्याही मिळतात. लहान पुडी लिटरभर पाण्यात गेली तर मिश्रण पातळ, मोठी पुडी पेल्यात गेली तर क्षार घातक प्रमाणात जास्त. फलकावर पुडी आणि भांडं यांचे आकार खऱ्या प्रमाणात हवेत.

चाचणी घेताना 'समजलं का?' विचारू नये, मान हलतेच. 'यात काय चाललंय ते सांगा' म्हणावं आणि मग चमचा हातात देऊन करून दाखवायला सांगावं. एकेकट्याला विचारा. घोळक्यात एक शिकलेली बोलते आणि बाकीच्या होकार भरतात.

---

गणवेश

सगळं वाचलं. पण या चर्चेचा सूर 'शाळेने विशेष काही होत नाही, निरक्षर मुळातच शहाणे' असा होत चाललाय. हे कौतुक शिकलेल्यांनाच परवडतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं होतं. त्यांना काय वेड लागलं होतं?

---

खडूफळा

@गणवेश, त्याच निवेदनातला अभ्यासक्रम बघा. मोडी आणि बालबोध दोन्हींचं लेखन-वाचन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. मोडी का? कारण शेतकऱ्याला लुबाडणारे कागद मोडीत होते. म्हणजे फुले 'कोणता कागद वाचायचा आहे' इथून सुरुवात करतात. वाई लोकांच्या अभ्यासातून जे निघालं, ते त्यांनी शंभर वर्षं आधी व्यवहारात ओळखलं होतं, असं मी म्हणेन.

---

ओसरी

@गणवेश, मुद्दा योग्य आहे आणि तो अस्वलांकडेच परत नेतो. 'दिलेलं वाक्य क्षणभर खरं धरून पुढे चला' ही शाळेची सवय फुकाची नाही. अर्ज, कायदा, विमा सगळं त्यावरच चालतं. पीक विम्याची अट घ्या (महाराष्ट्रात ती २०२४ पर्यंत लागू होती): स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवलं तरच दावा. हे वाक्य म्हणजे अस्वलाचंच कोडं. 'आमच्याकडे गारपीट होत नाही' किंवा 'साहेब ओळखीचे आहेत, चार दिवसांनी सांगितलं तरी चालेल' हे अनुभवावरचं उत्तर आणि त्यात पैसे जातात.

स्क्रिबनर यांनी कोडं पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं, तेव्हा दिसलं की निरक्षर माणूस ते ऐकतानाच बदलून घेतो. 'सगळी' हा शब्द गळतो किंवा वाक्य ओळखीच्या माणसांचं होतं. पण जिथे त्याने दिलेली वाक्यं धरून ठेवली, तिथे तर्क अचूक होता. अडचण तर्काच्या आधी, वाक्य धरण्यात आहे. आणि ती सवय चटकन लागते. ब्राझीलमध्ये २००५ च्या एका अभ्यासात शाळा न पाहिलेल्या प्रौढांना तीच कोडी 'दुसऱ्या एका ग्रहावर' म्हणून घातली, तर उत्तरं लक्षणीय सुधारली.

वर्गात वापरायचं तर असं. आधी गोष्टीतली अट: 'राक्षस म्हणाला, जो मागे वळून पाहील तो दगड होईल. धाकटा भाऊ वळला.' इथे कोणीही 'मी राक्षस पाहिला नाही' म्हणत नाही, कारण कहाण्यांमध्ये अटी मानायची सवय सगळ्यांना असते. मग न पाहिलेल्या गावाची अट, पण उत्तर विचारण्याआधी ती जशीच्या तशी म्हणून दाखवायला लावा. 'सगळे', 'फक्त', 'तरच', 'किंवा' हे शब्द गळले की थांबा आणि परत म्हणा. त्यानंतर खरा कागद. विम्याची अट मोठ्याने वाचून दोन माणसांची उदाहरणं: एकाने दुसऱ्या दिवशी कळवलं, एकाने पाचव्या. कोणाला मिळेल? शेवटी 'तर' आणि 'तरच' यांची अदलाबदल करून विचारा. फसगत नेहमी इथेच होते, आणि खरं सांगायचं तर पदवीधरांचीही होते.

---

शेवटचा_बाक

हे सगळं सरकारी 'साक्षर' च्या व्याख्येत कुठे बसतं?

---

तिसरी_घंटा

फारसं नाही. जनगणनेत ७ वर्षांवरील जो कोणी कुठल्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतो, तो साक्षर. शाळेची अट नाही, पण नुसतं वाचता येऊन लिहिता येत नसेल तर तो निरक्षर. २०११ मध्ये महाराष्ट्राचा आकडा ८२ टक्क्यांच्या थोडा वर होता. घरातला कोणीतरी सांगतो, प्रगणक नोंद करतो, वाचून कोणी घेत नाही.

१९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने निदान वेग ठरवला होता: मोठ्याने मिनिटाला ३० शब्द, मनात ३५, बघून लिहिणं ७, ऐकून लिहिणं ५. सध्याच्या उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची आहे, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. 'तरच' कळतो का, हे यातल्या कशातच मोजलं जात नाही.

---

मिरगाचा_किडा

@पावकी_निमकी, एक शंका. संख्या ऐकून लिहिताना ४३ चे ३४ होतात आणि २९ चे ३९. दुसरं का होतं?

---

पावकी_निमकी

पहिलं कारण माहीत असेलच: त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना चार आधी. २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' धर्तीची नावं एकवीसच्या जोडीला दिली ती यासाठीच. त्यावर टिंगल भरपूर झाली. प्रौढांच्या वर्गात ती टेकू म्हणून चांगली चालतात, पण बाजारात कोणी तसं बोलत नाही, म्हणून महिन्याभरात काढून घ्यावीत.

दुसरं कारण 'एकोण'. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस, पण कानाला 'तीस' ऐकू येतो आणि हात ३ लिहितो. एकोणीस ते एकोणनव्वद सगळीकडे हीच फसगत, ९९ ला नाही, कारण नव्व्याण्णव तसा बांधलेला नाही. उपाय: १९, २९, ३९ हे अंक दशकाबरोबर शिकवू नका. २० पक्का झाला की त्याच्या मागचा म्हणून १९, ३० झाला की मागचा २९. मोजपट्टी समोर ठेवा आणि तिसावर बोट ठेवून एक घर मागे सरकवायला सांगा.